फासे झकास, पुस्तिका कपाटात: प्रॉबॅबिलिटी किट टर्मभर वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार दिलेत आणि जो एक कापलाय तो फाशांमुळे नाही, सोबत येणाऱ्या पुस्तिकेमुळे. रिव्ह्यू लांबलचक होणार आहे कारण पूर्ण टर्मभर वापरलंय, नुसता बॉक्स उघडून फोटो काढून लिहिलेलं नाही. ज्यांना घेऊ की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: सहावी ते आठवीच्या पोरांना प्रॉबॅबिलिटी शिकवायची असेल आणि दोन वेगवेगळ्या रंगांचे ढीगभर फासे हाताशी नसतील तर घ्या. असतील तर तुमचं निम्मं काम झालंय, उरलेल्या निम्म्यासाठी खाली वाचा.

मी सातवीला गणित शिकवते, वर्गात २८ पोरं. इतकी वर्षं संभाव्यता म्हणजे काय, तर फळ्यावर एक चौकोन, त्यात ठिपके, "फासा टाकला तर सम संख्या येण्याची संभाव्यता किती?" आणि सगळी एका सुरात "तीन छेद सहाऽऽ". झालं, खडू खाली. आणि हीच पोरं सुट्टीत ल्युडो खेळताना म्हणणार, "मला ना कधी सहा पडतच नाही, माझा हातच वाईट आहे." म्हणजे छेदबिद सगळं वहीत, आणि खरा फासा हातात आला की डोकं परत होतं तिथंच. मला हे फार दिवस खटकत होतं म्हणून किट मागवलं.

बॉक्समध्ये काय आहे ते भरभर सांगते. साधे सहा बाजूंचे ३० फासे, १५ लाल १५ पांढरे. १२ कोरे फासे आणि त्यावर चिकटवायला आकड्यांच्या स्टिकरची शीट. ४, ८, १०, १२ आणि २० बाजूंचा प्रत्येकी एक फासा. दोन मोठे फोमचे. घोड्यांच्या शर्यतीचे सात लॅमिनेटेड बोर्ड, दोन स्पिनर, पुस्तिका, आणि ॲपचा कोड. स्पिनरबद्दल एकच वाक्य: एक तिसऱ्या दिवशी तुटला, दुसरा कायम एकाच बाजूला थांबतो, विसरून जा. फोमचे फासे पुढच्या बाकांना दाखवायला बरे, पण ते इतके उसळतात की दान बघायला दर वेळी कुणीतरी कपाटाखाली शिरतं, आणि बाहेर येताना तो फासा फिरवूनच आणतं.

फासे मात्र नीट आहेत. १६ मिलीमीटरचे, कडा थोड्या गोलसर, ठिपके कोरून रंग भरलेला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का ते मी सगळ्या तीसही फाशांवर बघितलं (हो, मला असली सवय आहे), सगळे बरोबर निघाले. ही गोष्ट पोरांना आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या, माझ्या वर्गात एकीने शोधली आणि पुढचे दोन दिवस ती येईल त्याला "खालचा आकडा न बघता सांगू?" करत फिरत होती.

पहिल्या तासाला सूत्रबित्र काही नाही. फासे वाटायच्या आधी विचारलं, कुठला आकडा सगळ्यात कमी पडेल, हात वर करा. सहासाठी १९ हात. का रे? "मॅडम, सहा कष्टाने येतो." हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, पुसलं नाही. मग दोघादोघांच्या १४ जोड्या, प्रत्येक जोडीला एक फासा, ६० वेळा टाकायचा, एकाने टाकायचा दुसऱ्याने ताळ्याच्या खुणा करायच्या. इथे एक सावधगिरीची सूचना, लाकडी बाकावर १४ फासे एकदम आपटायला लागले की जो आवाज होतो तो मी कल्पनेतही धरला नव्हता, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन काही न बोलता नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाकावर जुना टॉवेल. बॉक्समध्ये टॉवेल नाही, ट्रे पण नाही, कंपनीने पातळ फोमचा एक तुकडा जरी दिला असता तरी पुरलं असतं.

तर ६० वेळा टाकून काय मिळालं? सगळ्यांना वाटत होतं प्रत्येक आकडा १० वेळा यायला पाहिजे. एका जोडीला सहा फक्त ४ वेळा पडला, दुसऱ्या जोडीला १६ वेळा. आता ४ वाले म्हणतात बघा आम्ही म्हणत नव्हतो, १६ वाले म्हणतात आमचा फासा लकी आहे, वर्गात अक्षरशः भांडण. मी काही बोलले नाही, फळ्यावर चौदाही जोड्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले आणि बेरीज करायला लावली. एकूण ८४० वेळा टाकलेला, सहा पडला १४६ वेळा, म्हणजे साधारण साडेसतरा टक्के, एक छेद सहा म्हणजे पावणेसतराच्या जवळ. एकेका बाकावर एवढा धिंगाणा आणि सगळ्यांचं मिळून इतकं शांत, हे बघून जी थोडी शांतता पसरली ना, त्यासाठी मला हे किट आवडलं. आणि "सहा कष्टाने येतो" म्हणणाऱ्याने स्वतःच उठून कोपऱ्यातलं वाक्य पुसलं. (पुढच्या आठवड्यात ल्युडो खेळताना तोच परत म्हणत होता, पण ते असो.)

आता खरी मजा, शर्यतीचा बोर्ड. बारा घोडे, १ ते १२ नंबर, दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. खेळायच्या आधी प्रत्येकाने आपला घोडा निवडायचा. बोर्डावर १ नंबरचा घोडा मुद्दाम ठेवलाय, ज्याने कुणी ही आयडिया काढली त्याला माझा नमस्कार, कारण मागच्या बाकावरच्या एकाने १ घेतला, "माझा रोल नंबर आहे" म्हणून, आणि जवळजवळ दहा दानं होईपर्यंत तो आशेने बघत होता, मग एकदम "एऽ पण एक कसा येईल?" आणि सगळा वर्ग फुटला. "अशक्य घटना, संभाव्यता शून्य" ही व्याख्या मला परत कधी सांगावी लागली नाही.

७ चा घोडा जिंकला, ६ आणि ८ मागोमाग, २ आणि १२ सुरुवातीच्या रेषेवरच चरत होते. दुसऱ्या डावात सगळ्यांना ७ च हवा. इथपर्यंत कुठलाही फासा चालेल, पण इथून पुढे लाल-पांढऱ्याची किंमत कळते. मी विचारलं, ११ चा घोडा चांगला की १२ चा? वर्ग म्हणाला सारखेच, कारण ११ म्हणजे पाच आणि सहा, १२ म्हणजे सहा आणि सहा, दोन्ही एकाच प्रकारे. आणि हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की तुम्ही फळ्यावर "नाही, पाच-सहा आणि सहा-पाच हे वेगळे" असं कितीही सांगा, पोरं मान डोलावतात आणि मनात म्हणतात एकच तर आहे, उलटसुलट लिहिलं म्हणून काय झालं. दोन्ही फासे पांढरे असले तर ते दिसतच नाही हो! डोळ्यांना एकच चित्र दिसतं, एक पाच एक सहा.

मी तेच केलं, आधी मुद्दाम दोन पांढरे दिले, मग एक लाल एक पांढरा. बेरीज ११ आली की लालवर किती, पांढऱ्यावर किती ते लिहायचं. थोड्या वेळाने एक मुलगी उठली, "मॅडम, दोनदा लालवर पाच होता आणि तीनदा लालवर सहा, मग हे दोन वेगळे नाहीत का?" अगं बाई, तेच तर! मग वहीत ६ बाय ६ चा तक्ता, डावीकडे लाल, वर पांढरा, ३६ घरं, प्रत्येक घरात बेरीज. ७ च्या सहा घरांची तिरपी रांग, ११ ची दोन घरं, १२ चं एक. ७ येण्याची संभाव्यता ६ छेद ३६, ११ ची २ छेद ३६, १२ ची १ छेद ३६. म्हणजे ११ चा घोडा १२ पेक्षा दुप्पट चांगला. ज्यांना वाईट वाटलं त्यांना मी सांगितलं की लाइबनिझ, ज्याने कॅल्क्युलस काढलं तो, नेमकी हीच चूक करून बसला होता, ११ आणि १२ सारखेच म्हणाला होता. त्यानंतर वर्गातल्या चुका करणाऱ्यांची कॉलर एकदम टाइट.

जी दोन-तीन पोरं सगळ्यांच्या आधी संपवून चुळबुळ करतात त्यांना मी तीन फासे दिले, बेरीज ९ जास्त वेळा येते की १०. दोन्ही आकडे सहा प्रकारांनीच फुटतात, म्हणून सारखेच वाटतात, पण २१६ शक्यतांपैकी ९ ला २५ आणि १० ला २७ मिळतात. हा प्रश्न गॅलिलिओने सोडवलेला आहे, तोच, दुर्बीणवाला. पोरांनी दोन दिवस घेतले, ३-३-३ ला फक्त एकच घर मिळतं हे लक्षात आलं तेव्हा सुटलं. टाकून बघून हा फरक सापडणार नाही बरं का, फारच बारीक आहे, मोजूनच काढावा लागतो, आणि हे पण पोरांना कळलं तर उत्तम. तिसरा फासा तिसऱ्या रंगाचा असता तर अजून सोपं गेलं असतं, पुढच्या बॅचमध्ये पाच-दहा निळे घाला की.

आता पुस्तिका. मराठी पुस्तिका सोबत मिळेल असं लिहिलं होतं म्हणून खूश होते. पहिलं पान उघडलं, पहिली कृती, पहिलं वाक्य: "एक मरण घ्या आणि ते टेबलावर गुंडाळा." मी दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, इंग्रजीत फाशाला डाय म्हणतात आणि मरण्यालाही डाय, कुठल्यातरी मशीनने भाषांतर केलंय आणि कुणीही माणसाने ते वाचलेलं नाही. पुढे "दोन मरणांची बेरीज", "गोरा मरण म्हणजे काय?" (फेअर डाय, म्हणजे कुठल्याही बाजूला न झुकणारा फासा, तो झाला गोरा मरण). स्टाफरूममध्ये आम्ही ही पुस्तिका मोठ्याने वाचली आणि अर्धा तास कुणाचं काही काम झालं नाही. विनोद म्हणून पाचाला पाच.

पण भाषा सोडा, ती हसून सोडता येते. एक चूक आहे ती मला मान्य नाही. सातव्या पानावर लिहिलंय की सहा येण्याची संभाव्यता एक छेद सहा म्हणजे सहा वेळा टाकल्यास एकदा सहा येईलच. येईलच! अहो, हाच गैरसमज काढायला आम्ही फासे विकत घेतो आणि तुम्ही तो छापून पाठवता. सहा वेळा टाकून एकदाही सहा न येण्याची शक्यता पाच छेद सहाचा सहावा घात, म्हणजे साधारण साडेतेहेतीस टक्के, तीनातल्या एका डावात सहा येतच नाही. मी हे वाक्य फाडून टाकायच्या ऐवजी वर्गात वाचून दाखवलं आणि म्हटलं, पुस्तक बरोबर की चूक, ठरवा. प्रत्येक जोडीने सहा-सहा टाकांचे दहा डाव केले, १४० डावांपैकी ४९ मध्ये सहा आलाच नाही. एक जण म्हणाला, मॅडम पण सहा वेळा एक छेद सहा म्हणजे एक पूर्ण होतो ना? चांगला प्रश्न, मग सात वेळा टाकला तर सात छेद सहा, म्हणजे खात्रीपेक्षा जास्त खात्री? तो स्वतःच हसायला लागला. आणि एक जादा प्रश्न विचारलात तर बहार येते, सहा वेळात सहाही आकडे एकेकदा येण्याची शक्यता किती? पोरं म्हणतात भरपूर, असली दीड टक्का. ४६,६५६ पैकी फक्त ७२०.

याच पुस्तिकेत एक कार्ड मात्र चांगलं आहे, तेवढं कापून ठेवलंय. फ्रान्समधला शव्हालिए द मेरे नावाचा एक जुगाराचा शौकीन, एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा यावा ही पैज फायद्याची, पण दोन फासे २४ वेळा टाकून एकदा तरी दोन सहा यावेत ही तोट्याची, असं का हा त्याचा प्रश्न, आणि त्याच्याच अशा प्रश्नांवरून १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांची एकमेकांना पत्रं सुरू झाली. पहिल्या पैजेत जिंकायची शक्यता ५१.८ टक्क्यांच्या आसपास, दुसरीत ४९.१ च्या. सातवीला दुसरीचं गणित झेपणार नाही, पण पहिली पैज टाकून बघता येते, आणि पाच छेद सहा चार वेळा गुणायचं एवढंच तर आहे, "एकही नाही" ची शक्यता काढा आणि एकातून वजा करा, माझ्या वर्गातल्या निम्म्यांना जमलं. जुगार शिकवताय का असं एका पालकांनी विचारलंच, मी म्हटलं उलट आहे, ३६ घरांचा तक्ता ज्याने स्वतः भरलाय तो पैज लावायच्या आधी दहादा विचार करेल. त्यांना कितपत पटलं माहीत नाही.

ॲपबद्दल. एका बटणात दहा हजार वेळा फासा टाकतं आणि खांबांचा आलेख काढतं. हाताने टाकायच्या आधी दाखवलं तर काडीचा उपयोग नाही, पोरं म्हणतात कॉम्प्युटरने काहीतरी केलं. हाताने ६० वेळा टाकून बोटं दुखल्यावर दाखवलं तर एकदम किंमत कळते. पण त्यात एक वैताग आहे, आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, आपोआप ताणला जातो. त्यामुळे सहाशे टाकांमध्ये एकाला ९६ आणि दुसऱ्याला १०५ आले तर एक खांब बुटका आणि एक ताडमाड, पोरं लगेच "बघा फासा खोटा!" मी सेटिंग शोधली, सापडली नाही. शेवटी तेच आकडे वहीत शून्यापासून सुरू करून काढायला लावले, खांब जवळजवळ सारख्या उंचीचे आले. म्हणजे ॲपच्या चुकीतून एक आलेखाचा धडा फुकट मिळाला.

आता गृहपाठाची गंमत. फासे घरी दिले, ३० वेळा टाका, जे दान पडेल ते ओळीने लिहा. दुसऱ्या दिवशी २८ वह्या. मी वह्या चाळल्या आणि चार बाजूला काढल्या, म्हटलं ह्या चौघांनी फासा टाकलाच नाही, मनाने लिहिलंय. चौघांचे चेहरे बघण्यासारखे. "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" सोपं आहे, तुमच्या ओळीत एकही आकडा लागोपाठ दोनदा आलेला नाही. मनाने लिहिताना माणूस चार लिहिलं की परत चार लिहायला घाबरतो, वाटतं ते खोटं दिसेल. फाशाला ती लाज नसते. त्याला आधी काय पडलं ते आठवतच नाही, त्यामुळे दर वेळी आधीचाच आकडा परत यायची शक्यता एक छेद सहा, ३० टाकांमध्ये २९ जोड्या, म्हणजे सरासरी पाचेक वेळा तरी लागोपाठ तोच आकडा यायला हवा. एकदाही न येण्याची शक्यता अर्धा टक्का, दोनशेत एखादी वही. चारपैकी तिघांनी कबूल केलं. चौथी मुलगी शेवटपर्यंत म्हणत राहिली की मी खरंच टाकला होता, आणि मी तिला सोडून दिलं, कारण अर्धा टक्का म्हणजे शून्य नाही हे मीच शिकवत होते ना.

जास्त बाजूंचे फासे, एकेकच दिलेत, त्यामुळे वर्गात फिरवायलाच. चार बाजूंचा फासा थांबतो तेव्हा वरती टोक येतं, मग आकडा वाचायचा कुठला यावर पाच मिनिटं जातात. दहा बाजूंच्यावर ० ते ९ असतात, "शून्य यायची संभाव्यता शून्य का?" असं एकाने विचारलं, ह्या प्रश्नासाठी तरी तो फासा ठेवा. वीस बाजूंचा गोल गोल फिरत दुसऱ्या दिवशी हरवला.

कोरे फासे मात्र सोनं आहेत. स्टिकर दोन दिवसांत निघतात, त्यांच्या नादी लागू नका, सरळ पर्मनंट मार्करने लिहा. मी चार फासे बनवले: पहिल्यावर ४, ४, ४, ४, ०, ०. दुसऱ्यावर सगळीकडे ३. तिसऱ्यावर ६, ६, २, २, २, २. चौथ्यावर ५, ५, ५, १, १, १. पोरांना म्हटलं तुम्ही आधी निवडा, उरलेल्यातला मी घेईन, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, २० वेळा खेळू. पोरं दर वेळी हरली. मग हुशार एकाने मी घेतलेला फासा घेतला, मी दुसरा घेतला, परत हरला. कारण पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, आणि चौथा परत पहिल्याला, प्रत्येक वेळी तीनात दोनदा. सगळ्यात भारी फासा असा नाहीच, जो नंतर निवडतो तो भारी. हे एफ्रॉन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचे फासे म्हणून ओळखले जातात. पोरांना ३६ घरांचा तक्ता भरून मोजायला लावला, न कुरकुरता भरला, एरवी तक्ता म्हटलं की पोट दुखतं. पुस्तिकेत ह्याचा उल्लेखसुद्धा नाही, कोऱ्या फाशांसाठी तिथे "आवडत्या प्राण्यांची चित्रं काढा" एवढंच आहे.

शेवटची गोष्ट तक्रारीची, म्हणजे तशी. १५ लाल फाशांमधला एक, त्याच्या कोपऱ्याला छोटा टवका उडालेला आहे म्हणून ओळखू येतो, तो ज्या जोडीकडे जाईल ती जोडी सहाचे ढीग लावायची. पहिल्या दिवशीचे १६ वाले तेच. मी आधी सांगितलं, अरे ६० मध्ये १६ येऊ शकतात, त्यात काही विशेष नाही. पण दुसऱ्या जोडीकडे १५, तिसरीकडे १७, तेव्हा मलाच शंका आली. पोरांनी ठरवलं खटला चालवायचा. सगळ्यांनी मिळून तो फासा ३०० वेळा टाकला, नव्याने, जुने आकडे न धरता (हा मुद्दा माझा, ज्या आकड्यांवरून संशय आला तेच आकडे पुरावा म्हणून नाही चालत). ५० च्या आसपास यायला हवे होते, चार-सहा इकडेतिकडे अगदी साधी गोष्ट, दहा-बाराही चाललं असतं. आले ७१. शेजारी दुसरा एक लाल फासा साक्षीदार म्हणून तितक्याच वेळा टाकला, त्यावर ४७.

मग मिठाचं पाणी. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवत जायचं (काही फासे जड प्लास्टिकचे असतात, ते कितीही मीठ घाला तरंगतच नाहीत, हे आमच्या नशिबाने तरंगले), आणि बोटाने टिचकी मारून फिरवायचा. साक्षीदार दर वेळी वेगळी बाजू वर घेऊन थांबत होता. टवकेवाला हळूहळू फिरून सहा वर आणून थांबायचा. परत टिचकी, परत सहा. २८ डोकी एका ग्लासावर वाकलेली आणि कुणी श्वास सोडत नाहीये. आत सहाच्या बाजूला हवेचा बुडबुडा राहिला असणार, ती बाजू हलकी म्हणून वर येते. एकीने विचारलं की मग ठिपके कोरल्यामुळे पण सहाची बाजू हलकी होत असेल ना, सहा खड्डे तिथे आणि समोर एकच? होते, थोडीशी. वेल्डन नावाच्या इंग्रज प्राणीशास्त्रज्ञाने १८९४ च्या सुमारास १२ फासे एकदम असे २६,३०६ वेळा टाकून नोंदी केल्या होत्या, पाच किंवा सहा ३३.३३ टक्के वेळा यायला हवे होते, आले ३३.७७ टक्के. एवढा बारीक फरक पकडायला एवढं टाकावं लागतं, आमचा भामटा तीनशेतच सापडला. कॅसिनोतले फासे म्हणूनच धारदार कडांचे, पारदर्शक असतात आणि ठिपक्यांचे खड्डे तितक्याच वजनाच्या मालाने भरून सपाट केलेले असतात. हे सांगितल्यावर सगळ्यांना आपले फासे भरून सपाट करायचे होते, मी नाही म्हटलं.

तर मी कंपनीला लिहिलं, ३०० टाकांचा तक्ता जोडला, ग्लासाचा व्हिडिओ जोडला. कस्टमर केअरवाल्या ताई फोनवर एकदम गोड, म्हणाल्या मॅडम आजपर्यंत अशी तक्रार आली नाही, म्हणजे फासा फुटला, रंग गेला असं येतं, पण सहा जास्त पडतो म्हणून कुणी लिहिलं नव्हतं. चार दिवसांत बदली दोन लाल फासे आले, त्यासाठी सर्व्हिसला पूर्ण मार्क. फक्त जुना परत पाठवा म्हणाल्या. वर्गात सांगितलं तर पोरं ऐकेनात, "मॅडम तो आपला आहे", शेवटी परत फोन केला, ताई हसल्या आणि म्हणाल्या ठेवा. आता त्याला एकीने नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि तो कंपासपेटीत वेगळा असतो. नवीन दोन फाशांची चौकशी अजून व्हायची आहे, सोमवारचा तास त्यासाठी मागितलाय पोरांनी, मीठ मी आणायचं आहे.